थेंब पडतो एका जागी, गळती असते दुसरीकडे
जुन्या कॅम्परची देखभाल : लेखांक ६

मागच्या लेखांकात टॉर्क कन्व्हर्टर आणि प्लॅनेटरी गिअर कसे चालतात ते आपण पाहिलं. क्लचचं पेडल नसलेल्या गाडीत इंजिनाची ताकद पुढे नेतं ते तेल आणि गिअर बदलतो तोही तेलाचा दाब. त्यामुळे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गळती हा फरशीवरच्या डागापुरता प्रश्न राहत नाही. हाताने गिअर टाकायच्या गाडीत तेल थोडं उतरलं तरी दात काही काळ तग धरतात. इथे मात्र पातळी खाली गेली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो आणि आतल्या क्लचच्या चकत्या घसरून जळू लागतात. वीस-तीस रुपयांची ओ-रिंग वेळेवर बदलली नाही, तर सगळा गिअरबॉक्स खोलायची पाळी येते.

या भागासाठी उदाहरण घेऊ फोक्सवॅगनच्या कोंबीचं. आकुर्डीत बनलेली आपली मॅटाडोर हाताच्या गिअरची, त्यामुळे या प्रश्नाला तिचा उपयोग नाही. कोंबीचं उत्पादन १९५० साली जर्मनीत सुरू झालं. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर असा रस्ता तुडवत १९६० आणि ७०च्या दशकांत ज्या गाड्या दिल्लीपर्यंत आणि पुढे गोव्यापर्यंत आल्या, त्यांत या गाड्या होत्या. त्यांतल्या बहुतेक हाताच्या गिअरच्या. १९७३च्या मॉडेलपासून तीन गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स मिळू लागला. त्याची ठेवण अशी आहे, की तिच्यावर गळती शोधायला शिकलेला माणूस दुसऱ्या कुठल्याही ऑटोमॅटिकखाली गोंधळणार नाही.

एका धडात दोन तेलं

कोंबीचं इंजिन मागे असतं. इंजिनाला लागून टॉर्क कन्व्हर्टर, त्याच्यापुढे फायनल ड्राइव्ह, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियलचा भाग, आणि त्याच्याही पुढे खरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. बाहेरून हे सगळं एकच धड दिसतं, पण आत दोन वेगळी तेलं असतात. गिअरबॉक्स आणि कन्व्हर्टरमध्ये पातळ एटीएफ, म्हणजे डेक्सरॉन जातीचं तेल. मधल्या फायनल ड्राइव्हमध्ये एसएई ९० प्रतीचं जाड हायपॉइड गिअर ऑइल. एटीएफला गिअरबॉक्समधून कन्व्हर्टरकडे जायचं तर फायनल ड्राइव्हच्या पोटातून, पोकळ शाफ्टमधूनच जावं लागतं. दोघांना वेगळं ठेवतात ती पिनियन शाफ्टवरची सीलं.

म्हणून गाडीखाली शिरताना पहिला प्रश्न ‘कुठून गळतंय’ हा नसून ‘काय गळतंय’ हा असतो. ताजं एटीएफ लाल असतं. तो रंग मुद्दाम घातलेला असतो, गळती ओळखता यावी म्हणून. जुनं झाल्यावर ते तपकिरी होतं आणि क्लच जळले असतील तर करपट वास येतो. गिअर ऑइल पिवळट, चिकट आणि गंधकाच्या उग्र वासाचं. इंजिन ऑइल काळं. पांढरा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली ठेवा. सकाळी रंग आणि वास दोन्ही बोलतील.

धुवा, सुकवा, मग बघा

चालत्या गाडीखालचा वारा तेल मागे ओढतो आणि ते सगळ्यांत खालच्या कडेवर जमून तिथून टपकतं. थेंबाच्या जागेवर पॅकिंग बदलून गळती थांबली नाही अशी तक्रार घेऊन अनेक जण येतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. आपल्या रायपूरच्या धुळीत तर तेलावर काळा चिकट थर बसतो आणि मूळ जागा पूर्ण झाकली जाते. तेव्हा आधी तो थर खरवडून डिग्रीजरने सगळं धड स्वच्छ करा. पाण्याचा जोराचा झोत सीलांवर आणि ब्रीदरवर, म्हणजे आतली हवा जायच्या भोकावर, थेट मारू नका. कोरडं झाल्यावर सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, गाडी रिंग रोडवर दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा आणि घोड्यांवर पक्की उभी करून खालून बघा. पावडरवर ओली रेघ जिथून सुरू होते, ती गळतीची जागा.

ती रेघ काय सांगते, ते असं वाचायचं :

चेंबरच्या (गिअरबॉक्सच्या तळाच्या पत्र्याच्या) कडेने लाल तेल : चेंबरचं पॅकिंग.
बॉक्स आणि फायनल ड्राइव्हच्या सांध्यावर लाल तेल : तिथली ओ-रिंग किंवा पॅकिंग.
सिलेक्टर लिव्हरच्या दांड्याशी लाल तेल : दांड्याचं सील.
ड्राइव्ह शाफ्टच्या फ्लँजभोवती पिवळट तेल : फ्लँजचं सील.
इंजिन आणि बॉक्सच्या जोडावरून खाली तेल : लाल असेल तर कन्व्हर्टरचं सील, काळं असेल तर इंजिनाच्या क्रँकचं.

न टपकणाऱ्या दोन गळत्या

सगळ्यांत जास्त नुकसान करतात त्या गळत्या जमिनीवर दिसतच नाहीत. पहिली व्हॅक्यूम युनिटची. इंजिनावर भार किती आहे हे गिअरबॉक्सला कळावं म्हणून इनटेकपासून एक नळी या युनिटला येते. आतला पडदा फाटला की इंजिन त्याच नळीतून एटीएफ ओढून घेतं आणि जाळून टाकतं. खाली थेंब नाही, पण पातळी उतरते आणि सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो. नळी काढून बघा. आत लाल तेल दिसलं तर युनिटच बदलायचं.

दुसरी गळती पिनियनच्या सीलांची. ती फुटली की एटीएफ फायनल ड्राइव्हमध्ये झिरपतं. एकीकडे पातळी घटते, दुसरीकडे वाढते आणि जास्तीचं तेल फ्लँजच्या सीलांतून बाहेर पडतं. मेकॅनिक फ्लँजची सीलं बदलतो, महिन्याभरात ती पुन्हा गळतात. अशा वेळी फायनल ड्राइव्हचा लेव्हल प्लग उघडून पाहा. तेल भळकन बाहेर आलं, पातळ आणि लालसर असलं, तर आजार आत आहे. पातळ झालेलं तेल हायपॉइड दातांमध्ये टिकत नाही आणि दात झिजतात. उलट गिअर ऑइल एटीएफमध्ये गेलं तर त्यातल्या रसायनांमुळे क्लचची पकड बिघडते. ही सीलं बदलायला बॉक्स उतरवून फायनल ड्राइव्हपासून वेगळा करावा लागतो. ते काम अनुभवी हातांतच द्यावं.

रायपूरचा उन्हाळा आणि सीलाचं रबर

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. भनपुरी किंवा टाटीबंधच्या ट्रकांच्या रांगेत अडकलेल्या कोंबीखाली डांबराची धग वेगळीच असते. नेहमीच्या नायट्राइल रबराचं सील साधारण १०० अंशांपर्यंत नीट काम करतं. त्याच्या वर सतत राहिलं की कडक होतं, ओठ शाफ्टला धरत नाही. विटॉन रबर २०० अंशांच्या आसपासही टिकतं. फरक थोड्या पैशांचा आहे, म्हणून आपल्या हवेत मिळेल तिथे विटॉनचं सील घ्यावं. सीलावर तीन आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. ते घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलात तर अनेकदा तेच माप मिळतं. मात्र ओठाजवळ तिरक्या रेघा असतील तर त्या शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेनुसार असतात, तेवढं जुळवून घ्या.

स्वस्तापासून सुरुवात

आधी पातळी. गाडी सपाट जागी, तेल गरम, इंजिन आयडलवर, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मग डिपस्टिक बघायची. दोन खुणांमध्ये अर्धा लिटरही मावत नाही, म्हणून थोडं थोडं भरा. जास्त भरलेलं तेल फेसाळतं आणि बाहेर येतं, त्यालाच लोक गळती समजतात.

मग ब्रीदर. मातीचं घर बांधणारी माशी उभ्या गाडीतलं असं भोक सहज बुजवते. आतली हवा तापून फुगली की चांगल्या सीलांतूनही तेल ढकलते.

त्यानंतर चेंबर. बोल्ट ठरलेल्या ताकदीपेक्षा जास्त आवळले की पत्रा वाकतो, पॅकिंग दबून फुटतं आणि गळती वाढते. जुना पत्रा काचेवर ठेवून सपाट आहे का तपासा, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, टॉर्क रेंच वापरा. तळाशी बारीक करडा गाळ असणं स्वाभाविक आहे. चकाकणारे धातूचे तुकडे दिसले तर गळतीपेक्षा मोठा प्रश्न आहे.

कन्व्हर्टरच्या सीलासाठी इंजिन उतरवावंच लागतं. त्याआधी कन्व्हर्टर आणि ड्राइव्ह प्लेट जोडणारे तीन बोल्ट काढा. इंजिन निघताच कन्व्हर्टर बाहेर घसरून पडू नये म्हणून पट्टी लावून अडकवा. नवं सील बसवताना ओठाला एटीएफ लावा. शाफ्टवर खाच पडली असेल तर सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवा किंवा स्लीव्ह घाला. परत जोडताना कन्व्हर्टर शाफ्टच्या दातांवर पूर्ण आत बसला आहे याची खात्री झाल्याशिवाय इंजिन बोल्टने ओढू नका, नाहीतर पंप तुटतो.

बाटलीतलं ‘गळती थांबवणारं’ औषध रबर फुगवून काही आठवडे काढून देतं. पण सील कशामुळे गेलं ते तसंच राहतं, आणि फुगलेलं रबर पुढे लवकर मऊ पडून फाटतं. जपून ठेवायच्या गाडीत ते घालू नये.

काढलेलं तेल नालीत ओतू नका. २०१६च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. तळ्यांच्या या शहरात नालीचं पाणी शेवटी कुठल्या ना कुठल्या तलावात किंवा खारून नदीत जातं. जुनी गाडी जपणाऱ्याने गावाचं पाणीही जपलं पाहिजे.

या आठवड्यात एवढंच करा : पुठ्ठा ठेवा, दोन्ही तेलांची पातळी बघा आणि गाडी स्वच्छ करा. पाना लागायच्या आधीच निम्मं काम झालेलं असेल.

(पुढील लेखांक : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि गाळणी बदलण्याची पद्धत)