बालमन आणि सरकारी खातीं

तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या वर्गांत एक मुलगा होता. संस्कृत शब्दरूपें तोंडानें बिनचूक म्हणे. पण वही पुढें आली कीं अक्षरांची उलटापालट होई. मीं त्याला आळशी ठरवून बाकावर उभें केलें, एकदोनदां छडीहि मारली. तो आळशी नव्हता, त्यास अध्ययनदोष असावा, हें निवृत्तीनंतर एक पुस्तक वाचतांना मला उमजलें. तोंवर उशीर झाला होता. नववींतच त्याची शाळा सुटली होती.

त्या काळीं सोयी नव्हत्या, असें म्हणून माझी सुटका होईल. आज तसें म्हणतां येत नाहीं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालीं निघाला व १९९६ पासून जिल्ह्यांत उतरूं लागला. २०१३ सालच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें अंगणवाड्यांत वर्षांतून दोनदां आणि सरकारी शाळांत एकदां मुलें तपासतात. वाढींतील मंदपणाहि त्यांनीं पाहावयाचा असतो. किशोरांकरितां २०१४ पासून निराळा कार्यक्रम आहे. महाराष्ट्रांत त्याच्या दवाखान्यांस 'मैत्री' असें गोड नांव दिलें आहे. २०१६ च्या कायद्यानें अध्ययनदोषासहि दिव्यांगत्वांत स्थान मिळालें. २०२२ पासून 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळतें.

म्हणजे मणी पुष्कळ आहेत; दोरा मात्र नाहीं. तपासणी आरोग्य खात्याची, शाळा शिक्षण खात्याची, अंगणवाडी महिला व बालविकासाची, आणि दिव्यांगांच्या योजना चौथ्याच विभागाच्या. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा आपल्याकडे केंद्र साठ व राज्य चाळीस या प्रमाणांत येतो; पण ज्या सदराखालीं तो मंजूर झाला त्याच सदरांत तो खर्चावयाचा. पथकानें चिठ्ठी दिली, तरी मुलास जिल्ह्याच्या गांवीं नेणार कोण? आईची दिवसाची मजुरी बुडते, आणि चिठ्ठी फडताळांत राहते.

अमेरिकेंतील मिलवॉकी परगण्यानें १९९० नंतरच्या दशकांत निराळी वाट धरली. बालकल्याण, बालगुन्हेगारी व वैद्यकीय साहाय्य यांचा निधि एके ठिकाणीं आणला, आणि प्रत्येक कुटुंबामागें एक समन्वयक नेमला. मुलांना संस्थांत डांबण्यावर होणारा खर्च घरच्या आधाराकडे वळला. आपल्याकडे परगणा नसला तरी जिल्हा आहे, जिल्हाधिकारीहि आहे.

परवां तो विद्यार्थी बाजारांत भेटला. वाकून नमस्कार केला. मला त्याच्याकडे बघवेना. त्याचा मुलगा पांचवींत आहे, आणि तोहि अक्षरें उलटीं काढतो म्हणे. जिल्हा रुग्णालयांतील शीघ्र हस्तक्षेप केंद्र त्यास ठाऊक नव्हतें. येत्या सोमवारीं त्या दोघांबरोबर मी जाणार आहें.