बालके अनेक, प्रौढ पुरुष एक

ख्रिस्तसभेतील आध्यात्मिक प्रौढता व ऐक्य : इफिसकरांस पत्र, अध्याय 4, यावरून एक विवेचन

'आध्यात्मिक प्रौढता' हा शब्द आपल्या प्रवचनांत आणि तपोसाधनांत वारंवार येतो. तो उच्चारताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एखादी व्यक्ती उभी असते : नियमाने प्रार्थना करणारी, मोहांवर ताबा मिळविलेली, दुःखात न डगमगणारी. 'ऐक्य' हा शब्द मात्र आपण दुसऱ्या प्रसंगासाठी राखून ठेवतो. धर्मग्रामात भांडण झाले की ऐक्यावर प्रवचन होते. भांडण मिटले की तो विषयही मिटतो. अशा रीतीने प्रौढता ही एकट्याची साधना आणि ऐक्य ही समूहाची व्यवस्था, अशी वाटणी आपण नकळत करून टाकली आहे. संत पौलाच्या नावाने आलेल्या इफिसकरांस पत्राला ही वाटणी मान्य नाही. ती का मान्य नाही आणि त्यामुळे आपल्या सेवाकार्यात काय बदलावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

1. एकवचन आणि अनेकवचन

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील 13 व 14 ही वचने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. तेराव्या वचनात आपण 'सर्व जण' कोठे पोहोचावयाचे आहे ते सांगितले आहे : विश्वासाच्या व देवपुत्राच्या ज्ञानाच्या ऐक्याप्रत, आणि एका प्रौढ पुरुषाप्रत. मूळ ग्रीकमध्ये येथे 'आनेर तेलेइओस' हे शब्द आहेत व ते एकवचनी आहेत. चौदाव्या वचनात आपण यापुढे काय असू नये ते सांगितले आहे. तेथे 'नेपिओइ', म्हणजे 'बालके', हा शब्द आहे व तो अनेकवचनी आहे.

हा फरक व्याकरणाचा असला तरी अर्थाने मोठा आहे. बालके अनेक असतात. प्रौढ पुरुष मात्र एकच आहे. तो म्हणजे ख्रिस्त हे मस्तक आणि आपण सर्व, स्त्रिया व पुरुष, त्याचे अवयव, असे एक शरीर. लेखकाला 'तुम्ही प्रत्येक जण प्रौढ व्हा' असे म्हणता आले असते. तो म्हणतो ते निराळे आहे : आपण सर्व मिळून एक प्रौढ पुरुष व्हावयाचे आहे. हाताची वाढ पूर्ण झाली व पाय मात्र तान्ह्या मुलाचाच राहिला, तर त्या हाताला कोणी प्रौढ म्हणत नाही. त्या शरीराला रोग झाला आहे असेच म्हणतात. तात्पर्य, जो आपल्या बांधवांपासून अलग होऊन प्रौढ होऊ पाहतो तो प्रौढ होतच नाही, मग त्याची उपासतापासाची शिस्त कितीही कडक असो.

2. बालपणाची लक्षणे

येथे एक शंका संभवते. प्रभूने आपल्याला बालकांसारखे होण्यास सांगितले नाही काय? सांगितले आहे; परंतु ते स्वर्गराज्य स्वीकारण्याच्या नम्रतेविषयी. पौल ज्या बालपणाला दोष देतो ते वेगळे आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो की, आपण त्यांना दूध पाजले, जड अन्न दिले नाही, कारण ते अद्याप ख्रिस्तात बालकेच होते. याचा पुरावा म्हणून तो कशाकडे बोट दाखवितो? अज्ञानाकडे नव्हे. ज्ञान, वक्तृत्व आणि आत्मिक दाने यांचा करिंथ येथे तुटवडा नव्हता. तो बोट दाखवितो मत्सराकडे आणि कलहाकडे : एक जण म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसाचा. भाषा बोलणारे, भविष्यवाद करणारे, ज्ञानाची प्रौढी मिरविणारे लोक, आणि तरीही बालके. कारण ते तटांत विभागले होते.

याच पत्राच्या अकराव्या अध्यायात तर कलह प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत आलेला दिसतो. ज्यांच्याकडे होते ते आधीच खाऊनपिऊन तृप्त होत आणि ज्यांच्याकडे नव्हते ते उपाशी राहत. पौलाचे म्हणणे असे की, अशा रीतीने जे खाल्ले जाते ते प्रभूचे भोजन राहतच नाही.

हे पत्र इ. स. 54-55 च्या सुमाराचे. त्यानंतर सुमारे 40 वर्षांनी, इ. स. 96 च्या आसपास, रोमच्या ख्रिस्तसभेला त्याच करिंथला पुन्हा पत्र लिहावे लागले. ते 'क्लेमेंटचे पहिले पत्र' म्हणून प्रसिद्ध आहे. निमित्त पुन्हा तेच : काही जणांनी उठाव करून दोष नसलेल्या वडीलजनांना सेवापदावरून दूर केले होते. प्रत्यक्ष प्रेषिताने स्थापिलेल्या व प्रेषितानेच बोध केलेल्या मंडळीतही एकदा शिकलेला धडा पुढच्या पिढीला आयता मिळाला नाही. प्रौढता वारसाहक्काने मिळत नाही. प्रत्येक पिढीला ती शिकावी लागते.

3. भाषेवरून झालेला पहिला तंटा

आपल्यापैकी बरेच जण बहुभाषिक धर्मग्रामांत सेवा करतात. बेळगावच्या सीमाभागात मराठी, कन्नड व कोंकणी बोलणारी कुटुंबे एकाच मंदिरात येतात. हैदराबादेत मराठीच्या शेजारी तेलुगू व तमिळ असते. बडोद्यात गुजराती आणि इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी. मुख्य मिस्सा कोणत्या भाषेत, सणाच्या दिवशी गायन कोणाचे, हे प्रश्न आपल्याला नवे नाहीत. म्हणून प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय आपण विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण ख्रिस्तसभेतील पहिला नोंदलेला अंतर्गत तंटा भाषिक गटांतलाच होता. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्या यहुदी शिष्यांची हिब्रू बोलणाऱ्यांविरुद्ध तक्रार होती.

बारा प्रेषितांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, त्यांनी तक्रार दडपली नाही व तक्रार करणाऱ्यांना फुटीर ठरविले नाही. दुसरी, त्यांनी सर्व शिष्यसमुदायाला एकत्र बोलाविले आणि सात जणांची निवड त्या समुदायावर सोपविली. तिसरी गोष्ट नावांच्या यादीत दडलेली आहे. स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव ही सातही नावे ग्रीक आहेत. केवळ नावावरून माणसाची भाषा निश्चित होत नाही हे खरे. तथापि पुष्कळ भाष्यकारांनी यावरून काढलेला निष्कर्ष रास्त वाटतो, तो असा की, ज्यांच्यावर अन्याय झाला होता त्यांच्यातूनच सेवक निवडले गेले, आणि तेही सबंध समुदायाच्या संमतीने.

प्रेषितांनी दोन भाषांसाठी दोन मेजे मांडली नाहीत, हेही येथे ध्यानात घ्यावे. वाटप वेगळे करून टाकणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. त्यांनी मेज एकच ठेवले आणि वाढणारे हात बदलले. पुढील वचनातच लूक सांगतो की, देवाचे वचन वाढत गेले.

हा सोपा मार्ग मी स्वतः पत्करलेला आहे, म्हणून थोडे स्वतःविषयी लिहितो. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात दोन भाषिक गटांचे गायनावरून बिनसले. मी दोघांना रविवारच्या दोन स्वतंत्र मिस्सा दिल्या, दोन गायकवृंद दिले, वर्षाचे सणही वाटून दिले. तक्रारी थांबल्या आणि वार्षिक अहवालात मी 'धर्मग्रामात ऐक्य आहे' असे समाधानाने लिहिले. पुढे एका पावसाळ्यात एका वृद्ध धर्मग्रामस्थाचे निधन झाले. ते पूर्वी दोन्ही गटांच्या मुलांना प्रश्नोत्तरे शिकवीत असत. अंत्यविधीला केवळ त्यांच्याच भाषेची माणसे आली. शवपेटीला खांदा देणारे कमी पडले तेव्हा रस्त्यापलीकडे दारात उभे असलेले लोक, त्यांचे जुने विद्यार्थी, जागचे हलले नाहीत. त्यांच्या मनात राग नव्हता. 'ते त्यांचे आहे' एवढेच त्यांना वाटले, आणि ते वाटावयास मीच शिकविले होते. ज्याला मी ऐक्य समजत होतो तो केवळ गोंगाटाचा अभाव होता.

4. ऐक्य : दिलेले आणि मिळवावयाचे

इफिसकरांस पत्राच्या याच अध्यायात ऐक्याचा उल्लेख दोनदा येतो आणि दोन्ही वेळी क्रियापद वेगळे आहे. तिसऱ्या वचनात आत्म्याचे ऐक्य 'राखावयाचे' आहे, म्हणजे ते आधीच दिलेले आहे. तेराव्या वचनात ऐक्याप्रत 'पोहोचावयाचे' आहे, म्हणजे ते अजून पूर्ण झालेले नाही. एक शरीर, एक आत्मा, एक आशा, एक प्रभू, एक विश्वास, एक स्नानसंस्कार आणि सर्वांचा एक देवपिता हे सात 'एक' कोणत्याही समितीने ठराव करून निर्माण केलेले नाहीत. ती देणगी आहे. परंतु देणगी स्वीकारण्यास नम्रता, सौम्यता, सहनशीलता व एकमेकांना प्रीतीने वागवून घेणे हे दुसऱ्या वचनातील चार गुण लागतात, आणि हे चारही गुण दुसऱ्या माणसावाचून अंगी बाणू शकत नाहीत. एकांतात सहनशीलता शिकता येत नाही. ज्याच्याशी आपले पटत नाही तोच आपल्या प्रौढतेची शाळा होय.

याच जागी ऐक्य म्हणजे एकसारखेपणा ही समजूतही गळून पडते. सातव्या वचनात प्रत्येकाला कृपा वेगवेगळ्या परिमाणाने दिल्याचे सांगितले आहे. उलटपक्षी, वेगळेपणाला दर्जाचे रूप देणे हा शरीराचा छेद होय. गोव्यातील काही गावांत कॉन्फ्रारियांच्या ओपा-मुर्साच्या रंगांवरून जातीची ओळख पटत असे आणि उत्सवाच्या मानावरून तंटे होत, हे आपल्याला ठाऊक आहे. ख्रिस्ताच्या देहाभोवती मिरवणुकीने चालताना कोणी पुढे चालावे यावर भांडणाऱ्यांची गणना पौलाने कोणत्या वयात केली असती, हे सांगावयास नको.

5. धर्मगुरूचे काम : जाळी दुरुस्त करणे

बाराव्या वचनात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक हे कशासाठी दिले आहेत ते सांगितले आहे. तेथील 'कातार्तिस्मोस' हा शब्द मननीय आहे. ग्रीक वैद्य तो निखळलेले हाड बसविण्यासाठी वापरीत. याच धातूचे क्रियापद मार्कच्या शुभवर्तमानात (1:19) याकोब व योहान आपली जाळी नीट करीत होते तेथे येते. पौल करिंथकरांना फुटी सोडून एका मनाने जोडले जाण्यास सांगतो तेथे (1 करिंथ 1:10) येते. आणि अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने सावरावे असे सांगताना (गलती 6:1) येते. तेव्हा सेवकाचे काम पवित्र जनांना जोडून सज्ज करणे हे आहे, आणि ते यासाठी की त्यांनी सेवा करावी. जुन्या भाषांतरांत या वचनातील स्वल्पविरामामुळे सज्ज करणे आणि सेवा करणे ही दोन्ही कामे धर्मगुरूंचीच वाटत. मूळ वाक्याची रचना मात्र दुसरे काम सर्व भाविकांकडे सोपविते असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी संमत केलेल्या धर्मगुरूंच्या सेवाकार्य व जीवनविषयक आज्ञापत्रात (परिच्छेद 6) हेच सूत्र धरले आहे. विधी कितीही सुंदर असोत आणि संघटना कितीही भरभराटीच्या असोत, माणसांना ख्रिस्ती प्रौढतेकडे नेण्याचा त्यांना उपयोग होत नसेल तर त्यांचे मोल थोडेच, असे तेथे सांगितले आहे.

6. काही व्यावहारिक सूचना

पहिली गोष्ट शिक्षणाची. आपले धर्मशिक्षण बहुधा दृढीकरणाबरोबर संपते. त्यामुळे तेराव्या वर्षीची श्रद्धा घेऊन माणूस पन्नाशीत व्यवहार करतो. धर्मशिक्षकांनी प्रौढांसाठी महिन्यातून एकदा तरी, दोन्ही भाषांच्या कुटुंबांना एकत्र बसवून, शास्त्रवाचन घडवावे.

दुसरी गोष्ट विश्वासाची. पुष्कळ कलहांचे मूळ पैशात असते. 1983 च्या धर्मविधी संहितेप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती आवश्यक आहे (कलम 537), आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावयाचा आहे (कलम 1287). हिशेब मोकळेपणाने मांडणे हीसुद्धा ऐक्याची साधना आहे.

तिसरी गोष्ट सत्याची. पंधराव्या वचनात प्रीतीने सत्य आचरण्यास सांगितले आहे. प्रीतीवाचून सत्य हा घाव होतो. सत्यावाचून प्रीती ही खुशामत होते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम पाळावा : प्रथम एकांतात, मग दोघातिघांसमक्ष, शेवटी मंडळीपुढे. प्रवचनपीठावरून नाव न घेता मारलेला टोमणा या क्रमात कोठेच बसत नाही.

चौथी गोष्ट मेजाची. भाषांनुसार मिस्सा असणे अनेकदा गरजेचे असते. परंतु पवित्र गुरुवारची सायंकाळची मिस्सा सर्वांची एकच असावी, वाचने व गीते भाषांनी वाटून घ्यावीत, आणि पाय धुण्यासाठी सर्व गटांतील माणसे बसवावीत. त्याचप्रमाणे आजाऱ्यांच्या भेटी व अंत्यविधी यांची व्यवस्था कधीही गटवार करू नये.

शरीराची वाढ प्रत्येक सांध्याच्या द्वारे होते, असे सोळावे वचन सांगते. सांधा म्हणजे दोन हाडे जेथे भेटतात ती जागा. घर्षण तेथेच होते आणि हालचालही तेथूनच होते. धर्मगुरू व धर्मशिक्षक यांना प्रभूने नेमके याच जागी ठेविले आहे. तेथील घर्षण चुकविण्यासाठी हाडे दूर करण्याचा मोह आपल्याला होईल. मला तो झाला होता. प्रभू आपल्याला त्या जागी टिकून राहण्याचे धैर्य देवो, म्हणजे आपल्या हाती सोपविलेली बालके एक प्रौढ पुरुष होतील, आणि त्यांच्याबरोबर आपणही.