चरबी गेली, त्वचा राहिली

वजन उतरले म्हणजे प्रकरण मिटले, अशी आपल्याकडे सरसकट समजूत आहे. आणि ज्याने तीस-चाळीस किलो उतरविले त्याचे अभिनंदन करावयास येणारा पाहुणा सोबत पेढेच घेऊन येतो, हा आपल्या आदरातिथ्याचा जुना विनोद सोडून दिला तरी, ते अभिनंदन स्वीकारणारा मनुष्य आपल्या सदऱ्याच्या आत काय वागवीत असतो याची वार्ता त्या पाहुण्यास बहुधा नसते. चरबी गेलेली असते. परंतु जिने ती चरबी वर्षानुवर्षे सामावून घेतली ती त्वचा मात्र जागच्या जागी असते, आणि आत भरावयास काही न उरल्यामुळे पोटावरून, दंडांखालून, मांड्यांच्या आतल्या बाजूंनी ती घड्याघड्यांनी लोंबू लागते. या सैल त्वचेवर शस्त्रक्रिया करून घ्यावी की घेऊ नये हा प्रश्न ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी घरांतूनही आता उपस्थित होऊ लागला आहे, आणि तो केवळ वैद्यकाचा नसून कायद्याचा, खर्चाचा आणि काही अंशी लज्जेचाही आहे.

त्या देशातील २०२२ सालच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीनुसार प्रौढांपैकी सुमारे ६६ टक्के लोक प्रमाणाबाहेर वजनाचे, आणि त्यांतील जवळजवळ निम्मे, म्हणजे एकूण प्रौढांपैकी ३२ टक्क्यांच्या आसपास, वैद्यकीय अर्थाने स्थूल होते. जठराचा मोठा भाग कापून त्याची नळी करण्याची किंवा आतड्याचा मार्ग वळविण्याची शस्त्रक्रिया तेथे आता नवलाईची राहिलेली नाही. त्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये वेगोव्ही हे आठवड्यास एकदा टोचून घ्यावयाचे औषध वजनासाठी म्हणून तेथील बाजारात आले, आणि त्याच वर्षी मौंजारो या औषधासही त्या कारणासाठी मान्यता मिळाली. वजन उतरविण्याचे मार्ग असे प्रशस्त होत असताना, उतरल्यानंतरच्या त्वचेचे काय, याचा विचार मात्र बहुतेकांस मुक्कामाला पोहोचल्यावरच सुचतो.

त्वचा आपोआप का आवळत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे; कारण या अज्ञानावरच मलमे, तेले आणि मालिशवाले यांचा पुष्कळसा व्यापार चाललेला आहे. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेनचे बळकट तंतू असतात आणि त्यांच्यामध्ये इलॅस्टिन नावाचे ताणले जाऊन पूर्ववत होणारे तंतू असतात. दहा-वीस वर्षे ताण सोसल्यावर हे इलॅस्टिनचे जाळे तुटते, आणि प्रौढ वयात शरीर ते नव्याने फारसे विणीत नाही. वय, धूम्रपान, उन्हाचा मारा आणि आनुवंशिकता या चौघांचाही त्यात हात असतो. व्यायामाने आतले स्नायू भरतात आणि शरीराचा घाट सुधारतो, हे खरे. पण उरलेली त्वचा व्यायामाने आखडत नाही, आणि कोणत्याही बरणीतले मलम ती आखडवीत नाही. वीस-पंचविशीतल्या मनुष्याचे दहा-बारा किलो उतरले तर त्वचा बरीचशी सावरते. पन्नाशीच्या बाईचे चाळीस किलो उतरले तर तिने ती आशा धरू नये.

आमच्या परिचयाच्या एक बाई सिडनीच्या पश्चिमेस वेंटवर्थव्हिल या भागात राहतात. तो प्रदेश समुद्राच्या वाऱ्यापासून दूर असल्यामुळे उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो. ४ जानेवारी २०२० रोजी तेथून जवळच्या पेनरिथ येथे पारा ४८.९ अंशांवर गेला होता. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर बाईंचे वजन पुष्कळ उतरले, मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या, जिना चढताना लागणारी धाप गेली. पण ओटीपोटावरून जांघेपर्यंत उतरलेली त्वचेची घडी राहिली. जानेवारी-फेब्रुवारीत त्या घडीच्या आत घाम साचे, बुरशी धरे, कातडी लाल होऊन सोलवटे आणि तिला असा दर्प येई की देवघरात बसावयाचाही त्यांना संकोच वाटे. रोज सकाळी न्हाऊन झाल्यावर घडी हाताने उचलून धरावयाची, केस वाळविण्याच्या यंत्राच्या गार वाऱ्याने आतली जागा कोरडी करावयाची, मलम लावावयाचे आणि जुन्या धुवट मलमलीच्या साडीची पट्टी चौपदरी करून आत ठेवावयाची. दुपारी कचेरीच्या प्रसाधनगृहात ती पट्टी बदलावयाची. साडी नेसताना परकराची नाडी घडीच्या वर बांधावी तर निऱ्या पुढे येत, खाली बांधावी तर नाडी काचे. “एवढं वजन उतरवलं ते काय ही पट्टी बदलायला?” असे त्या एकदा म्हणाल्या, आणि त्यांच्या यजमानांनी नेमके त्याच वेळी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरले.

ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेने, म्हणजे मेडिकेअरने, या दुःखाची दखल घेतलेली आहे. मात्र ती दफ्तरी पद्धतीने घेतलेली आहे. मेडिकेअरच्या सेवांच्या यादीत ३०१७७ या क्रमांकाची एक नोंद आहे. मोठ्या वजनघटीमुळे लोंबणारी पोटाची त्वचा व चरबी काढणे, आवश्यक तर पोटाच्या स्नायूंचे आवरण शिवणे आणि बेंबी नव्या जागी बसविणे, हा तिचा विषय. तिच्या शर्ती अशा, की घडीच्या आत पुरळ अथवा त्वचा फाटण्याचा धोका उत्पन्न करणारा विकार असला पाहिजे. तीन महिने साध्या, शस्त्रक्रियेविना उपचारांनी तो बरा झालेला नसला पाहिजे. त्या त्वचेमुळे नित्याच्या व्यवहारांत अडथळा येत असला पाहिजे. आणि वजन किमान सहा महिने स्थिर राहिलेले असले पाहिजे. मोठी वजनघट म्हणजे किती, तर देहभारांकाचे (बीएमआयचे) निदान पाच अंक. पाच फूट तीन इंच उंचीच्या बाईच्या बाबतीत हा हिशेब जेमतेम तेरा किलोंचा होतो. म्हणजे वजनाची अट वाटते तितकी कठोर नाही, कठोर आहे ती पुरळाची आणि पुराव्याची. गरोदरपणात वाढलेले वजन या हिशेबात धरता येत नाही. रुग्णाच्या कागदपत्रांत सर्व तपशील छायाचित्रांसह नोंदलेला असावा लागतो, कारण पुढेमागे तपासनिसाची फेरी होऊ शकते.

सरकारी पैसा खर्च व्हावयाचा तर मर्यादा घालावी लागते, हे मान्यच केले पाहिजे. सहा महिन्यांच्या स्थिरतेची अट तर वैद्यकदृष्ट्याही निखालस योग्य आहे, कारण शस्त्रक्रियेनंतर आणखी पंधरा किलो उतरले तर त्वचा पुन्हा सैल पडते आणि पंधरा चढले तर शिवण ताणली जाते. परंतु जी बाई रोज तासभर खर्च करून आपली त्वचा कोरडी व निकोप राखते तिचा अर्ज कमकुवत ठरावा, आणि जी हयगय करते तिची बाजू भक्कम व्हावी, या न्यायात काही तरी तिरपागडे आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही. आमच्या परिचित बाईंनी आपल्या डॉक्टरीणबाईंकडे पुरळ उठले त्या प्रत्येक वेळी जाऊन त्याची नोंद करून घेतली, आणि तेच शहाणपणाचे होते. घरच्या घरी सोसलेले दुखणे दफ्तराच्या लेखी घडलेलेच नसते.

रोग कोठे संपतो आणि शृंगार कोठे सुरू होतो ही सीमारेषा आखण्याची खटपट अलीकडची आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याच्या परिसरातील एका वैद्याने, जो वीटभट्टीवाल्या कुंभार जातीचा असल्याचे लिहून ठेवलेले आहे, त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवे नाक घडविले. तो वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये लंडनला छापून आला आणि त्यावरून जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली तेथे तशी शस्त्रक्रिया केली. ज्या सुश्रुतसंहितेत या विद्येचे मूळ आहे तिच्या कर्त्याचा पुतळा आज मेलबर्न येथे रॉयल ऑस्ट्रेलेशियन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेत उभा आहे. कावसजीला त्या वैद्याने, नाकावाचून तुझा श्वास अडतो काय, तीन महिने लेप लावून पाहिलास काय, असे विचारल्याचे नमूद नाही. नाक हे अब्रूसाठी हवे होते, आणि तेवढे कारण पुरेसे मानले गेले. पोटाच्या घडीमागेही अब्रूचा प्रश्न असतोच. तो अर्जाच्या कोणत्याही रकान्यात लिहिता येत नाही इतकेच.

खर्चाचे गणित किचकट आहे. मेडिकेअरची मंजुरी म्हणजे शस्त्रक्रिया मोफत, असा अर्थ काढणे ही फसगत होय. खाजगी रुग्णालयात मेडिकेअर आपल्या ठरीव दराच्या ७५ टक्के देते, विमा कंपनी उरलेले २५ टक्के भरते. पण शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांचे प्रत्यक्ष शुल्क त्या ठरीव दराच्या कितीतरी पट असू शकते, आणि मधली तफावत रुग्णाच्या खिशातून जाते. विमा नसेल तर एका पोटाच्या शस्त्रक्रियेचा खर्च दहा-वीस हजार डॉलरांच्या किंवा त्याहूनही वरच्या घरात जातो. विम्याच्या श्रेणी पाहिल्या तर वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया ‘गोल्ड’ श्रेणीत मोडते, तर वैद्यकीय कारणाने करावयाची प्लास्टिक सर्जरी ‘सिल्व्हर’मध्येही मिळते, आणि आधीपासून असलेल्या तक्रारीसाठी नव्या विम्यास बारा महिन्यांची मुदत जावी लागते. सरकारी रुग्णालयात हे काम क्वचित आणि कडक निकषांवरच हाती घेतले जाते. काही लोक निवृत्तीच्या शिलकीतून, म्हणजे सुपरॲन्युएशनमधून, अनुकंपेच्या सदराखाली मुदतीपूर्वी पैसे काढतात. त्यासाठी करखात्याकडे अर्ज करून दोन डॉक्टरांचे दाखले, त्यांतील एक त्या विषयाच्या तज्ज्ञाचा, जोडावे लागतात, आणि हाती येणाऱ्या रकमेतून बहुधा करही कापला जातो. म्हातारपणाची पुंजी पोटाच्या शिवणीत घालण्याआधी निदान दोन रात्री विचार करावा, असे आमचे जुनाट मत आहे.

शस्त्रक्रिया कोणी करावयाची, हा प्रश्न त्या देशात नुकताच मोठ्या वादाने गाजला. ऑक्टोबर २०२१ मध्ये एबीसी वाहिनीच्या ‘फोर कॉर्नर्स’ कार्यक्रमात ॲडेल फर्ग्युसन या पत्रकर्तीने सौंदर्यशस्त्रक्रियेच्या बाजारातील भयंकर प्रकार उघडकीस आणले. त्यानंतर सरकारने ध्यानात घेतले, की कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरास स्वतःस ‘कॉस्मेटिक सर्जन’ म्हणवून घेण्याची मुभा तोवर होती. २०२३ च्या सप्टेंबरात कायदा बदलून ‘सर्जन’ हे बिरुद शल्यचिकित्सा, स्त्रीरोग व प्रसूती आणि नेत्रचिकित्सा यांतील तज्ज्ञांपुरते राखून ठेवण्यात आले. त्याच वर्षी १ जुलैपासून सौंदर्यशस्त्रक्रियेस आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, किमान दोन भेटी, मानसिक अवस्थेची छाननी, आणि संमतीनंतर सात दिवस थांबल्याशिवाय तारीख वा अनामत न घेण्याचा दंडक लागू झाला. सात दिवसांची ही सक्ती काहींस जाच वाटते. आम्हांस ती त्या सबंध नियमावलीतील सर्वांत सूज्ञ ओळ वाटते. रुग्णाने पाहावयाचे ते एवढेच, की नावापुढे एफआरएसीएस (म्हणजे रॉयल ऑस्ट्रेलेशियन कॉलेज ऑफ सर्जन्सची फेलोशिप) ही अक्षरे आहेत काय, आणि ती प्लास्टिक सर्जरीतील आहेत काय.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत, ओटीपोटाच्या तळाशी कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद घेतात. तेथून वरची त्वचा बरगड्यांपर्यंत सोडवितात, मधोमध फाकलेले स्नायू शिवून जवळ आणतात, त्वचा चादरीसारखी खाली ओढून अधिकची कापून टाकतात आणि बेंबीसाठी नवे छिद्र पाडतात. फार वजन उतरलेल्या देहात त्वचा आडवीही सैल असते. तेव्हा मध्यभागी एक उभा छेदही घ्यावा लागतो आणि व्रण उलट्या ‘टी’सारखा उमटतो. हे दोन छेद मिळतात त्या जागी रक्तपुरवठा सर्वांत तोकडा असल्यामुळे जखम तेथेच उघडण्याची धास्ती अधिक असते. जखमेत द्रव साचणे ही तर नेहमीची तक्रार. त्यासाठी नळ्या घालतात. पायांच्या शिरांत गुठळी होणे हे विरळा, पण जिवावरचे संकट. धूम्रपान करणाऱ्यास बहुतेक शल्यविशारद कित्येक आठवडे आधी ते सोडावयास लावतात. जठराची शस्त्रक्रिया झालेल्या, त्यातून शाकाहारी असलेल्या माणसाची प्रथिने, लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व आधी तपासून भरून काढावे लागते. पोषण कमी असेल तर कितीही कसबी हाताने घातलेले टाके नीट भरत नाहीत.

त्यानंतरचे सहा आठवडे आपल्या घरांतून कमी लेखले जातात. पहिले काही दिवस कमरेत वाकून चालावे लागते. आवळ पट्टा रात्रंदिवस घालावा लागतो (बाळंतिणीचे पोट बांधणाऱ्या आज्यांना त्याचे नवल वाटणार नाही), तांदळाची पिशवी, ओल्या कपड्यांची टोपली, नातवंड यांतले काहीही उचलावयाचे नसते. घरकामास मोलकरीण नसलेल्या देशात हे सोपे नव्हे. बेंबीखालची त्वचा पुष्कळ महिने, कधी कायमचीच, बधिर राहते. तेथे शेकाची पिशवी ठेवली तर भाजल्याचे कळतही नाही. व्रण निवळावयास वर्ष-दीड वर्ष लागते, आणि आपल्या सावळ्या वर्णाच्या त्वचेत तो काळवंडण्याची किंवा गाठाळ होऊन वर येण्याची प्रवृत्ती अधिक. पोटाचा व्रण परकराच्या पट्टीखाली झाकला जातो. दंडाचा मात्र काखेपासून कोपरापर्यंत जातो आणि कपाटावरचा डबा काढावयास हात वर केला की दिसतो. म्हणून पुष्कळ स्त्रिया पोट करून घेतात आणि दंड राहू देतात. आमच्या परिचित बाईंनीही तेच केले, आणि टप्प्याटप्प्याने सर्वांग नीट करून देण्याच्या प्रस्तावास नकार कळविला.

उरला पुण्या-मुंबईचा पर्याय. तेथे खर्च कमी, शल्यविशारद निष्णात, आणि शुश्रूषेस माहेर. यांतील शेवटचे कारण आम्ही सर्वांत वजनदार समजतो. पण परदेशातल्या शस्त्रक्रियेस मेडिकेअरचा छदामही मिळत नाही, ताज्या जखमेनिशी दहा-बारा तास विमानात बसणे गुठळीस आमंत्रण देणारे असते, आणि परतल्यावर महिन्याने जखम उघडली तर दुसऱ्याने घातलेली शिवण हाती घेण्यास सिडनीचा शल्यविशारद सहसा उत्सुक नसतो. तरीही जावयाचेच ठरले तर मुक्काम चांगला सहा-आठ आठवड्यांचा ठेवावा, शस्त्रक्रियेचा लेखी वृत्तान्त इंग्रजीत मागून घ्यावा, आपल्या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विश्वासात घ्यावे, आणि परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असेच काढावे.