आधी पुसा, मग पुसा

मागच्या मे महिन्यातली दुपार. साडेतीन वाजलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकानात कूलर घरघरतोय. एक काकू विजेचं बिल छापायला आल्या. बिल त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर होतं. मी नेहमीसारखं कम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं, काकूंनी फोन धरून पडद्यावरचा चौकोन स्कॅन केला, बिल निघालं, पैसे दिले आणि डोक्यावर दुपट्टा घेऊन त्या गेल्या. त्याच खुर्चीवर पुढचं गिऱ्हाईक बसलं. दोन मिनिटांत पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उगवली : ‘मुलाचा पगार सांगितला तेवढा नाही. आपण नाही म्हणून कळवून टाकू.’

गिऱ्हाइकानं वाचलं आणि गालात हसत विचारलं, "भाऊ, सोयरीक चालू आहे काजी घरी?"

मी झडप घालून लॉग आउट केलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. कुणाच्या तरी माजघरातली गोष्ट माझ्या काउंटरवर सांडली होती, आणि सांडवणारा मीच होतो.

पंचवीस वर्षं मी लोकांना कम्प्युटर उघडून देतो आहे. आधी सायबर कॅफे होता, आता झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज. दुकान तेच, नागपुरातल्या बजाजनगरच्या एका गल्लीत. या यंत्राला पर्सनल कम्प्युटर म्हणतात याचं मला नेहमी हसू येतं. माझ्या दुकानातल्या यंत्राइतका सार्वजनिक आमच्या गल्लीतला सार्वजनिक नळही नव्हता.

कॅफे काढला २००१ मध्ये. बाजूचं इंजिनिअरिंग कॉलेज तेव्हा व्हीआरसीई होतं, पुढच्याच वर्षी त्याचं व्हीएनआयटी झालं. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत. ते आमच्या गल्लीत यायला सहा वर्षं लागली. पाच कम्प्युटर, पाच प्लायवूडच्या कॅबिन, एक मोडेम. मोडेम किंचाळून जोडणी झाली की पोट्टे टाळ्या वाजवायचे. इंटरनेट म्हणजे निळा ‘ई’. इंटरनेट एक्सप्लोररखेरीज दुसरं काही असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. एक जाहिरात बंद करावी तर तिच्या पाठीमागून तीन उघडायच्या. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्स आलं आणि पुढे हॉस्टेलच्या एका मुलानं ते सीडीवर आणून माझ्या मशीनवर चढवलं. त्या जाहिराती थांबल्या, एकाच खिडकीत चार पानं उघडायला लागली. मला वाटलं, इंटरनेटच बदललं. बदलला होता फक्त ब्राउझर.

हा गोंधळ अजूनही रोज दिसतो. लोक म्हणतात, "भाऊ, गूगल उघडा." मी त्यांना सांगतो, ब्राउझर म्हणजे ऑटो. तो तुम्हाला जागेवर नेतो. गूगल म्हणजे चौकातला पानठेला, जिथे उतरून तुम्ही पत्ता विचारता. पत्ता ठाऊक असेल तर ठेल्यावर थांबायची गरज नाही, सरळ ऑटोवाल्याला सांगा. आता गंमत अशी की २००८ मध्ये पानठेलेवाल्यानंच स्वतःचे ऑटो काढले, क्रोम नावाचे. वेगानं पळणारे आणि फुकट. आज चौकात बहुतेक ऑटो त्याचेच. त्याची कमाई भाड्यावर नाही, तुम्ही कुठे कुठे जाता ते जाहिरातवाल्यांच्या कामी येतं त्यावर. फुकट ऑटोत बसताना एवढं ठाऊक असलं म्हणजे झालं.

या ऑटोतून माग कसा काढतात, तेही सांगतो. चक्कीवर दळण टाकलं की आपण डब्यात नावाची चिठ्ठी ठेवतो. चक्कीवाल्याला चेहरा आठवला नाही तरी चालतं, चिठ्ठी पाहून तो डबा ओळखतो. वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती कुकी म्हणजे अशीच चिठ्ठी. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या प्रोग्रॅमरनं ती शोधली. ती नसती तर प्रत्येक पानावर तुम्हाला नव्यानं ओळख द्यावी लागली असती. तेवढ्यापुरती ती कामाचीच. पण समजा, एक तिसराच माणूस चक्कीवर उभा आहे, किराण्याच्या दुकानात उभा आहे, औषधाच्या दुकानातही उभा आहे, आणि तिन्हीकडे तुमच्या डब्यात आपलीही चिठ्ठी टाकतो आहे. महिन्याभरात त्याला कळतं की या घरात ज्वारी खातात, साखर बंद झाली आहे आणि मधुमेहाची गोळी चालू आहे. तुम्ही त्याला कधी पाहिलेलंही नाही. यालाच तृतीय पक्षाच्या कुकीज म्हणतात. फायरफॉक्सनं २०१९ मध्ये माग काढणाऱ्या अशा चिठ्ठ्या आपणहून अडवायला सुरुवात केली, अ‍ॅपलच्या सफारीनं २०२० मध्ये त्या पूर्णच बंद केल्या. क्रोमनं २०२० मध्ये दोन वर्षांत बंद करू म्हणून सांगितलं, तारखा पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. का, ते पानठेलेवाल्याला विचारा.

माझ्या कॅबिनमध्ये २००७-०८ च्या सुमारास एक मुलगा यायचा. गडचिरोलीकडचा, खोलीवर राहून शिकणारा. तो मराठीत ब्लॉग लिहायचा. तेव्हा मराठी दिसणं हेच एक दिव्य होतं. वर्तमानपत्रांच्या साइटी आपापला फॉन्ट उतरवायला लावायच्या, नाहीतर पडद्यावर चिन्हांचा कचरा. विंडोज एक्सपीत युनिकोड मराठी होती, र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्टही होता, पण त्यासाठी सेटिंगमधला एक चौकोन टिचकवून एक्सपीची सीडी घालावी लागे. त्या मुलानं माझ्या पाचही मशीनवर ते करून दिलं. बदल्यात मी त्याला रोज अर्धा तास फुकट दिला.

तो लिहायचा ते मी वाचत असे. वडिलांचं कर्ज, धानाचा बुडालेला हंगाम, गावातली दारू. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, घरचं असं जगाला काहून सांगतो?" तो म्हणाला, "हे मले सांगाचंच आहे, भाऊ." आणि हाच मुलगा निघताना रोज विचारायचा, "पुसलं काजी?" म्हणजे त्यानं कुठे कुठे काय पाहिलं ती हिस्ट्री, त्याचा मेल, पासवर्ड ठेवू का म्हणून ब्राउझर विचारतो ते, सगळं पुसलं का? मी हो म्हटलं तरी परत बसून स्वतः बघायचा.

तेव्हा मला ते विचित्र वाटलं. जगापुढे सगळं मांडणाऱ्या पोराला एवढं काय लपवायचं आहे? उत्तर कळायला मला पुढची काही वर्षं आणि एक फजिती लागली.

एप्रिल २०११ मध्ये केंद्र सरकारनं सायबर कॅफेंसाठी नियम काढले. प्रत्येक गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघायचं. रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, फोन नंबर, कम्प्युटरचा नंबर, आल्या-गेल्याची वेळ लिहायची आणि ते किमान वर्षभर जपायचं. कोणी कोणत्या साइट पाहिल्या त्याचीही नोंद वर्षभर. कॅबिनची भिंत साडेचार फुटांपेक्षा उंच नको. मी सुतार बोलावून प्लायवूड कापून घेतलं. लांब रेघांचं रजिस्टर आणलं आणि दोरी बांधून काउंटरवर ठेवलं, पेनासकट.

सहा महिन्यांनी कॉलेजातली एक मुलगी आली. चेहरा लालबुंद. एक पोरगा तिला रात्री-बेरात्री फोन करत होता. नंबर कुठून मिळाला? माझ्या रजिस्टरातून. स्वतःचं नाव लिहिताना त्यानं वरच्या चार ओळी वाचल्या होत्या. ती मला फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, "मी हे तुमच्यासाठी लिहिलं होतं." त्या दिवसापासून रजिस्टर ड्रॉवरमध्ये गेलं आणि नोंदी मीच करू लागलो. नियमानं माहिती घ्यायला सांगितलं होतं. काउंटरवर उघडी ठेवायचं शहाणपण माझं होतं.

‘तुमच्यासाठी लिहिलं होतं.’ खासगीपणा म्हणजे काय, हे याहून सोप्या शब्दांत मी ऐकलेलं नाही. गडचिरोलीच्या पोराचं कोडंही त्यात सुटलं. काय, कुणाला आणि कशासाठी सांगायचं, हे तो स्वतः ठरवत होता. ब्लॉग त्यानं दिला होता. हिस्ट्री त्यानं कुणाला दिली नव्हती.

हीच गोष्ट पुढे देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टात गेली. आधार क्रमांकाची सुरुवात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० ला झाली. या योजनेविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही, असा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं ‘आहे’ म्हणून सांगितलं. त्या नऊ जणांत एक आपले नागपूरचे, शरद बोबडे, पुढे सरन्यायाधीश झाले ते. त्यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं, त्यात कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा दाखला आहे : मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरायला तिथेही मनाई आहे. म्हणजे ही काही परदेशातून आलेली फॅशन नव्हे.

निकाल लागला तोवर माझा कॅफे बंद पडला होता. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, इंटरनेट प्रत्येकाच्या खिशात गेलं. मी कॅबिन मोडल्या, झेरॉक्सचं मशीन आणलं. वाटलं, लोकांच्या गुपितांतून सुटलो. झालं उलटंच. कॅफेत लोक सिनेमाच्या बातम्या पाहायचे. आता माझ्याकडे आधार, पॅन, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला घेऊन येतात. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा रांग रस्त्यावर गेली होती. त्या गर्दीनंतर एका रात्री मी कम्प्युटरचं डाउनलोड्स फोल्डर उघडलं. खाली सरकवत गेलो, संपेचना. निम्म्या मोहल्ल्याची आधार कार्डं, फोटोसकट. कुणीही पेन ड्राइव्ह लावून दोन मिनिटांत घेऊन गेला असता.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं लोकांना सावध केलं होतं : आधारची झेरॉक्स सरसकट कुणालाही देऊ नका, सायबर कॅफेच्या कम्प्युटरवर आधार उतरवलं तर नंतर सगळ्या प्रती काढून टाका. लोक घाबरले, गैरसमज होतो आहे म्हणून दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. पत्रक गेलं, पण माझ्या फोल्डरपुरतं ते शंभर टक्के खरं होतं.

म्हणून आता दुकानाची रीत बदलली आहे. गिऱ्हाइकाचं काम ब्राउझरच्या पाहुण्यांच्या खिडकीत, म्हणजे गेस्ट मोडमध्ये करतो. ती बंद केली की तिच्यातली हिस्ट्री आणि कुकीज जातात. पण उतरवलेल्या फाइली जात नाहीत, त्या हातानं काढाव्या लागतात, रिसायकल बिनमधूनसुद्धा. इन्कॉग्निटो खिडकीचंही तसंच. पोट्टे समजतात की ती काळी खिडकी उघडली म्हणजे अदृश्य झालो. ती फक्त या मशीनवर खुणा ठेवत नाही. साइटला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुम्ही दिसताच. यावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीनं अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

गिऱ्हाइकांना दोन-तीन गोष्टी सांगतो. व्हॉट्सअ‍ॅप वेब वापरलंत तर घरी जायच्या आधी फोनमधल्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये बघा. तुमचा फोन बंद असला तरी दुकानात ते चालू राहू शकतं. चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. एखादी साइट सूचना पाठवू का म्हणून विचारते तेव्हा घाईनं ‘अलाउ’ दाबू नका. एका काकांचा लॅपटॉप व्हायरसनं भरला म्हणून आला होता, व्हायरस एकही नव्हता, परवानग्या चाळीस होत्या. आणि ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.

२०२३ मध्ये संसदेनं वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा केला. वकिली भाषा बाजूला ठेवली तर त्याचा गाभा दोन ओळींचा आहे. माहिती घेण्याआधी विचारा. काम झाल्यावर ती काढून टाका. आमच्या वऱ्हाडी बोलीत तर एकच शब्द पुरतो, कारण आमच्याकडे विचारण्यालाही पुसणंच म्हणतात. मी पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून काउंटरवर लावलं : ‘आधी पुसा, मग पुसा.’ पुण्याहून बदलून आलेले एक साहेब म्हणाले, "तुमच्या पाटीत एक शब्द दोनदा पडलाय."

परवा त्या बिलवाल्या काकू पुन्हा आल्या. मी सवयीनं त्यांचा फोन हातात घेतला, छापलं, लॉग आउट केलं, फाइल काढली, बिनही रिकामं केलं आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, "काकू, पुसलं बरं."

त्यांनी चष्मा वर सारून पाटी वाचली.

"मंगचं पुसलं," म्हणाल्या, "पण फोन हाती घ्याच्या आधी मले कोठी पुसलं तुमी?"