आधी हवा, मग पाणी, शेवटी रंग: एअरब्रश बिघडला की काय करायचं?



आजचा विषय जाहीर झाल्यावर माझ्याकडे बरेच प्रश्न आले. निम्मे लोक विचारतात, ‘कुठला एअरब्रश घेऊ?’ उरलेले विचारतात, ‘घेतलाय तो नीट चालत नाही, आता दुसरा कुठला घेऊ?’ मला वाटतं, या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. बिघाड शोधायचा कसा हे ज्याला कळलं, त्याला खरेदी कशी करायची हेही आपोआप कळतं. म्हणून आज आपण उलट्या बाजूनं जाऊ. आधी बिघाड, मग खरेदी.

सुरुवात माझ्याच फजितीनं करतो. माझे वडील नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात नोकरीला होते. हा कारखाना १९६४ साली मिग-२१ विमानं बांधण्यासाठीच सुरू झाला. त्यांच्या पंच्याहत्तरीला १:४८ मापाचं मिग-२१ करून द्यायचं मी ठरवलं. आपल्याकडचा सुरुवातीचा एफएल प्रकार, उघड्या धातूच्या चकचकीत अंगाचा. चार महिने काम चाललं. जुलै महिना, वाढदिवस आठ दिवसांवर. काळ्या तुकतुकीत अस्तरावर चंदेरी रंग मारायला बसलो. उजवा पंख झकास झाला. डाव्या पंखावर मात्र फट्‌कन थेंब उडाले. पुसलं, वाळवलं, परत मारलं, परत थेंब.

मी काय केलं असेल? एअरब्रशला शिव्या घातल्या आणि दुप्पट किमतीचा नवा मागवला. त्यातूनही तसेच थेंब! (हशा) कारण ते थेंब रंगाचे नव्हतेच, पाण्याचे होते. बिघाड हवेत होता आणि मी पैसे मोजले ते ब्रशसाठी. वाढदिवसाला वडिलांना एका पंखाचं विमान दाखवावं लागलं.

त्यानंतर मी स्वतःला एक क्रम लावून घेतला. एअरब्रशच्या तोंडाशी तीन गोष्टी एकत्र येतात: हवा, रंग आणि त्या दोघांची गाठ घालून देणारी नॉझल-सुईची जोडी. डबल ॲक्शन ब्रशमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा सुरू होते. तोच मागे ओढला की सुई मागे सरकते आणि नॉझलचं भोक उघडतं. बाजूनं जोरात जाणारी हवा रंग ओढून घेते आणि त्याचे बारीक कण करते. आता रंग नीट येत नसेल, तर या तिघांपैकी चूक कोणाची? तिघांना एकदम उभं करून कळणार नाही. एकेकाला तपासायचं. आधी नुसती हवा, मग हवा आणि पाणी, शेवटी हवा आणि रंग.

आधी नुसती हवा

कप रिकामा आणि स्वच्छ करा. कॉम्प्रेसर दहा-पंधरा मिनिटं चालला की ट्रिगर फक्त खाली दाबून आरशावर हवा सोडा. दोन-तीन मिनिटं सोडत राहा. आरशावर थेंब आले, तर दोष पाण्याचा.

हे पाणी येतं कुठून? आपल्या पावसाळी हवेतूनच. साधा हिशेब बघा. ३० अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं. मुंबई-कोकणात जुलैमध्ये आर्द्रता ८५ टक्के धरली, तर त्या हवेत २५ ग्रॅम पाणी आधीच आहे. कॉम्प्रेसर ती हवा दाबून साधारण पाचव्या हिश्शात बसवतो. हवा थंड होऊन परत ३० अंशांवर आली की एवढ्या जागेत फक्त ६ ग्रॅम बाष्प मावतं. उरलेलं १९ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार चमचे पाणी, कुठेतरी बाहेर पडणारच. मिनिटाला १५ लिटर हवा लागते असं धरलं, तर तासाभराच्या रंगकामात एवढं पाणी तयार होतं.

कॉम्प्रेसरला टाकी असेल तर हवा तिथे थंड होते आणि बरंचसं पाणी तिथेच साचतं. म्हणून टाकीच्या तळाशी एक स्क्रू दिलेला असतो. काम संपलं की दाब उतरवून तो उघडायचा. मी तो वर्षभर उघडलाच नव्हता! टाकी नसेल, तर गरम हवा थेट नळीत जाते, तिथे थंड होते आणि पाणी तुमच्या विमानावर. रेग्युलेटरजवळ एक मॉइश्चर ट्रॅप हवाच. पावसाळ्यात ब्रशच्या मुठीजवळ छोटा दुसरा लावा.

याच पायरीवर आणखी दोन गोष्टी बघा. ट्रिगर न दाबता सूं-सूं आवाज येतोय का? जोडांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे गळती. जोड ठीक असतील तर ब्रशच्या हवेच्या झडपेतला रबरी वॉशर गेला असेल. दुसरं म्हणजे दाब. काटा वाचायचा तो ट्रिगर दाबून, हवा चालू असताना. बंद असताना २० दाखवणारा काटा हवा सुरू झाली की १५ वर येऊ शकतो.

मग पाणी

हवा ठीक आहे. आता कपात स्वच्छ पाण्याचे दहा-बारा थेंब टाका आणि कागदावर मारा.

कपात बुडबुडे येतात? म्हणजे हवा पुढे जायच्या ऐवजी उलटी कपात शिरते आहे. नॉझल नीट बसलेलं नाही, पुढची टोपी सैल आहे, नॉझलला चीर आहे किंवा ते तुंबलं आहे. आधी टोपी घट्ट करून बघा, मग खोलून साफ करा.

ट्रिगर मागे न ओढताच पाणी येतं? सुई पुढपर्यंत बसलेली नाही. मागची चाकी सैल करून सुई अलगद पुढे टेकवा. जोर लावू नका, नाहीतर नॉझलचं तोंड फाकतं.

फवारा एका बाजूला जातो? सुईचं टोक वाकलंय. टिश्यू पेपरवरून टोक हलकेच मागे ओढा, अडकलं तर वाकलेलं आहे. ट्रिगर दाबल्यावर परत येत नाही? सुईच्या मागच्या सीलपाशी रंग वाळून बसलाय.

खोलताना एक सांभाळा. काही ब्रशांचं नॉझल मोहरीएवढं असतं आणि आटे केसासारखे. पान्यानं ‘अजून थोडंसं’ पिळलं की ते मोडतं. मी मोडलंय, दोनदा. आणि अख्खा ब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवू नका, आतले रबर फुगतात.

पाण्याचा फवारा नीट आला, तर तुमचा एअरब्रश निर्दोष आहे. नवा मागवू नका!

शेवटी रंग

आता उरला रंग, आणि बहुतेक वेळा गुन्हेगार हाच निघतो. कपाच्या भिंतीवरून तो दुधासारखा ओघळायला हवा. लस्सीसारखा असेल तर थुंकत-थुंकत येतो. फार पातळ असेल, दाब जास्त असेल किंवा ब्रश फार जवळ धरला असेल, तर पृष्ठभागावर कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतात. पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत झाला, तर कण पोचायच्या आधीच वाळताहेत. ब्रश जवळ आणा, दाब उतरवा किंवा रंगात रिटार्डर घाला. सुरुवातीला चांगला चालून मग अडखळतो, तर सुईच्या टोकावर रंग वाळतोय. थिनरमध्ये भिजवलेल्या ब्रशनं टोक पुसत राहा.

थिनर रंगाच्या जातीचाच हवा. तामियाचे ॲक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सुखानं पातळ होतात. तेच अल्कोहोल वालेहोच्या पाण्यातल्या रंगांत घातलंत, तर कपातच गुठळ्या. दाब साधारण १५ ते २० पीएसआयपासून सुरू करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. थिनर, दाब आणि अंतर तिन्ही एकदम बदलून काम जमलं, तरी का जमलं ते कळत नाही, आणि पुढच्या रविवारी परत पहिल्यापासून.

आता खरेदी

पैसेही याच क्रमानं खर्च करायचे. पहिला खर्च हवेवर. तीनएक लिटरची टाकी, रेग्युलेटर, दाबाचा काटा आणि मॉइश्चर ट्रॅप असलेला तेलविरहित पिस्टन कॉम्प्रेसर घ्या. ब्रशच्या मुठीला लागणारे छोटे चार्जिंगचे पंप प्रवासाला ठीक. पण त्यांत टाकी नसते, हवा धडधडत येते आणि दाब कमी-जास्त करायला फारसा वाव नसतो.

दुसरा खर्च ब्रशवर. पहिला ब्रश वरून कप असलेला, डबल ॲक्शन, ०.३ मिलिमीटरच्या आसपासच्या नॉझलचा घ्या. प्रायमर आणि गाड्यांचं बॉडीकाम जास्त असेल तर ०.५. सुरुवातीलाच ०.२ नको. प्रायमर आणि धातूच्या कणांचे रंग त्यात तुंबतात. इवाता असो, हार्डर अँड स्टीनबेक असो, बॅजर असो, दुकानदाराला पहिला प्रश्न हाच: याचं नॉझल आणि सुई सुटी मिळते का आणि केवढ्याला? सुटे भाग न मिळणारा स्वस्त ब्रश नॉझल मोडलं त्या दिवशी संपतो. चांगला ब्रश साफ ठेवला तर वर्षानुवर्षं चालतो.

तिसरा खर्च, जो सगळे विसरतात, तो स्वतःच्या फुप्फुसांवर. कापडी किंवा धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं काडतूस आणि पुढे कणांचा फिल्टर असलेला अर्ध्या चेहऱ्याचा मास्क घ्या. रंग पाण्यातला असला, वास येत नसला, तरी बारीक कण नाकातोंडात जातातच. खिडकी उघडी ठेवा. ज्वलनशील थिनर वापरताना ठिणग्या पडतील असा पंखा किंवा देवघरातला दिवा जवळ नको. बजेट कमी पडत असेल तर ब्रश स्वस्तातला घ्या, मास्क नको.

ते मिग-२१ शेवटी ऑक्टोबरमध्ये, हवा कोरडी झाल्यावर पूर्ण झालं. डावा पंख मी पूर्ण घासून नव्यानं रंगवला होता. वडिलांनी भिंग लावून सगळं विमान पाहिलं आणि म्हणाले, “डाव्या पंखाची छटा जरा वेगळी आलीय.” मी गप्प. मग म्हणाले, “असू दे. पत्र्यांची छटा आमच्याकडेही कुठे सगळी सारखी असायची!”

आता तुमचे प्रश्न घेऊ. फक्त विचारताना एवढं सांगा, की हवा आणि पाणी तपासून झालंय ना?