पेशींच्या पायाखालची जमीन

मानवी शरीरातून काढलेल्या पेशी प्लास्टिकच्या डिशमध्ये ठेवल्या, त्यांना साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि ३७ अंश सेल्सिअसची ऊब दिली, तरी त्या जगतीलच असे नाही. खाण्यापिण्याची सोय आहे, पण पाय टेकायला जागा नाही, अशी त्यांची अवस्था होते आणि बऱ्याच पेशी अशा वेळी स्वतःहून मरून जातात. या मरणाला १९९४ मध्ये ‘अनॉइकिस’ हे नाव मिळाले. ग्रीकमधून घेतलेल्या या शब्दाचा अर्थ आहे बेघरपण.

शरीराच्या दृष्टीने ही शिस्त सोयीचीच. आतड्याच्या अस्तरातली पेशी निसटून भलत्याच अवयवात वाढू लागली, तर अनर्थ होईल. (पसरणाऱ्या कर्करोगाच्या पेशी नेमकी हीच शिस्त मोडतात.) प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्यांपुढे मात्र प्रश्न उरतो, की शरीरातले घर डिशमध्ये आणायचे कुठून?

हे घर म्हणजे पेशींभोवतीचे प्रथिनांचे जाळे. कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन ही त्यातली ठळक नावे. पेशी स्वतःच ही प्रथिने तयार करून बाहेर सोडतात आणि इंटेग्रिन नावाच्या रेणूंनी, जणू हातांनी, त्यांना धरून राहतात. ही पकड नुसती चिकटण्यापुरती नसते. ती बसली की जगण्या-वाढण्याचे संदेश पेशीच्या आत पोचतात. फायब्रोनेक्टिनच्या अवाढव्य रेणूत पेशी पकडते तो भाग अवघ्या तीन-चार अमिनो आम्लांचा असतो, हे १९८४ मध्ये मायकेल पियर्शबाकर आणि एर्की रुओस्लाहती यांनी दाखवून दिले.

डिशला अशा प्रथिनांचा लेप देणे तसे सोपे. पातळ द्रावण ओतायचे, तासभर ठेवायचे, उरलेले काढून घ्यायचे. तळाला डोळ्यांना न दिसणारा थर राहतो. रॅट जातीच्या उंदरांच्या शेपटीतून काढलेल्या कोलॅजेनवर पेशी वाढवल्याचे काम १९५६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. पुष्कळ पेशींचे तर लेपाशिवायही भागते, कारण पोषकद्रव्यात मिसळलेल्या वासराच्या सीरममध्ये चिकटायला लागणारी प्रथिने आधीच असतात.

हट्टीपणा करतात त्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल. मानवी भ्रूणातल्या मूळपेशी १९९८ मध्ये प्रथम वाढवल्या गेल्या, त्या उंदरांच्या जिवंत पेशींच्या थरावर. २००१ मध्ये तो थर काढून टाकता आला आणि त्याची जागा मॅट्रिजेलने घेतली. हा पदार्थ येतो उंदराच्या एका कर्करोगाच्या गाठीतून. ही गाठ आधारजाळ्यातली प्रथिने भरमसाट बनवते. लॅमिनिनचा शोधही १९७९ मध्ये तिच्यातूनच लागला. थंड असताना मॅट्रिजेल द्रव असते, ऊब लागली की थिजते. म्हणून ते हाताळायचे बर्फावर, नळ्यासुद्धा गार करून.

संशोधनासाठी हे चालून गेले. पण याच पेशींपासून बनवलेल्या चेतापेशी उद्या माणसाच्या मेंदूत सोडायच्या असतील, तर उंदराच्या कर्करोगातून आलेला लेप कोणत्या तोंडाने वापरणार? विषाणूंच्या संसर्गाची धास्ती आहेच. शिवाय त्यात नेमके काय असते, याचाही भरवसा नाही. २०१० मधल्या एका विश्लेषणात मॅट्रिजेलमध्ये १,८०० हून अधिक प्रथिने सापडली आणि वेगवेगळ्या खेपांमधली प्रथिने जेमतेम ५३ टक्के जुळली. एकाच दुकानातून दोनदा आणलेल्या मसाल्यातले निम्मेच जिन्नस सारखे निघावेत, तसे. त्यावर औषध कसे उभे करायचे?

मग हवे ते एकच प्रथिन शुद्ध स्वरूपात बनवण्याकडे संशोधक वळले. स्वीडनमध्ये कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटाने मानवी लॅमिनिनचे ५११ आणि ५२१ हे प्रकार वापरले. जपानमध्ये ओसाका विद्यापीठाच्या कियोतोशी सेकिगुची यांनी आणखी काटकसर केली. लॅमिनिन ५११ च्या भल्यामोठ्या रेणूतला, इंटेग्रिन ज्याला पकडते तेवढाच ‘ई८’ हा तुकडा त्यांनी घेतला. पेशी त्यावर घट्ट बसल्या.

क्योतो विद्यापीठात पार्किन्सनच्या रुग्णांसाठी चेतापेशी वाढवताना याच तुकड्याचा लेप वापरला गेला. पहिले प्रत्यारोपण २०१८ मध्ये झाले, सात रुग्णांवरचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत; परिणाम तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचालींत, औषधाचा अंमल नसतानाही, सुधारणा दिसली. रुग्ण थोडे आहेत आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे याला इलाज सापडला असे म्हणणे घाईचे ठरेल.

आतड्याचे किंवा यकृताचे इवलेसे नमुने, म्हणजे ऑर्गनॉइड, वाढवणाऱ्यांना मात्र अजून अशी सुटका मिळालेली नाही. त्यांना नुसता लेप पुरत नाही, पेशींना चहूबाजूंनी वेढणारे जेल लागते. त्यासाठी बहुतेक प्रयोगशाळांत आजही बर्फाच्या डब्यातून उंदराच्या गाठीचे तेच जुने जेल बाहेर निघते.