अर्धशिशी : दुकानातली गोळी आणि डॉक्टरांची गोळी



रोवणीच्या दिवसांत गटाच्या बैठकीला कोणी ना कोणी म्हणतेच, "माझं अर्धं डोकं फुटून राहिलं." मग शेजारची पदराच्या गाठीतली गोळी काढून देते, दोन तास बरं वाटते आणि विषय तिथंच संपतो. या अंकात तोच विषय पुढं नेऊ.

अर्धशिशी, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत मायग्रेन, हे साधं डोकं दुखणं नाही. बहुधा एका बाजूला ठणके मारतात, मळमळते, उजेड-आवाज नकोसा होतो, वाकलं की वाढते. औषध घेतलं नाही तर चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहते. काहींच्या डोळ्यांपुढं आधी चमकत्या वाकड्या रेषा येतात. ही नजर नाही, बाहेरचं नाही आणि कामचुकारपणा तर नाहीच. हा मेंदूचा आजार आहे. पुष्कळदा तो आईकडून लेकीकडं येतो आणि बायांमध्ये पुरुषांच्या साधारण तिप्पट दिसतो.

उठायला निमित्त लागते. आपल्याकडं निमित्तांना तोटा नाही. शेजारच्या ब्रह्मपुरीचं नाव उन्हाळ्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांत येते, आणि त्याच उन्हात आपण मोहफुलं वेचतो, तेंदूपत्ता तोडतो. पहाटे निघतो ते उपाशीपोटी. शिवाय अपुरी झोप, चुलीचा धूर, उग्र वास, हरतालिकेचा निर्जळी उपास, पाळीचे दिवस. एकटं ऊन सोसून जाते. ऊन, उपास आणि पाळी एकाच दिवशी आली की डोकं उठते. पाळी काही टाळता येत नाही, पण रात्रीचा भात का होईना, दोन घास खाऊन निघणं आणि पाण्याची बाटली सोबत ठेवणं जमते. उपास करायचाच असेल तर त्या दिवशी उन्हातलं काम नको.

आता गोळीचं. दुखणं सुरू होताच, काही खाऊन, एक गोळी घेतली तर चालते. पण किराणा दुकानातली गोळी रोजची झाली की तीच डोकं दुखवते! साधी गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि दोन-तीन औषधं मिसळलेली गोळी १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळीमुळंच डोकं दुखू लागते. बाई म्हणते, "दुखते म्हणून खाते." खरं तर खाते म्हणूनही दुखत असते. पोट आणि किडनीचं नुकसान वेगळंच.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस डोकं उठत असेल, किंवा मजुरी बुडत असेल, तर डॉक्टरांना विचारा की मला रोखण्याची गोळी लागते का. ही गोळी दुखो न दुखो, रोज घ्यायची असते. प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन ही त्यांची नावं. औषधं जुनी आहेत, महाग नाहीत. गोंधळ इथंच होतो. प्रोप्रॅनोलॉल बीपीलाही देतात, म्हणून बाई म्हणते, "मला तर बीपी नाही." ॲमिट्रिप्टिलिन मनाच्या आजारालाही देतात, घरात कोणी म्हणते, "ही वेड्याची गोळी," आणि पाकीट चुलीत जाते. अर्धशिशीला ही बहुधा कमी मात्रेत, रात्री देतात. झोप येते, तोंड कोरडं पडते.

दुसरी अडचण धीराची. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, आपण आठ दिवसांत सोडतो. आठऐवजी चार वेळा दुखलं तरी गोळी लागू पडली समजा. साधारण सहा महिने ते वर्षभर घेऊन डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. मनानं एकदम बंद करू नका. दमा असेल तर आधी सांगा, प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. दिवस गेले असतील, राहायचे असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांगा, कारण या आजाराच्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला घातक असतात.

आणखी एक, जे फार जणींना माहीत नसते. डोकं दुखण्याआधी चमकत्या रेषा दिसत असतील तर माला-एन घेऊ नये, त्यानं लकव्याचा धोका वाढतो. आशाताईला सांगा. 'छाया' गोळीत हार्मोन नसते, तिच्याबद्दल विचारा.

दवाखान्यात जाताना हिशेब न्या. गटाची वही लिहिता तशी, कॅलेंडरवर दुखलं त्या दिवशी फुली, गोळी खाल्ली तर गोल, पाळी आली तर 'पा'. दोन महिन्यांचं ते पान दाखवलं की डॉक्टरांना पुष्कळ कळते. डोकं काय, दाखवायचं असं म्हणू नका. १९८९ मध्ये डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायांची तपासणी प्रसिद्ध केली. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग निघाले, आणि आधी कधी तपासून घेतलेल्या होत्या फक्त ८. दुखणं वेगळं, अंगावर काढायची रीत तीच.

मात्र डोकं दुखणं दर वेळी अर्धशिशी नसते. ताप असेल तर आधी मलेरियासाठी रक्त तपासा. गरोदरपणात डोकं दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्या. अचानक कधी नव्हे इतकं दुखलं, मान ताठली, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, झटका आला, तर गोळी शोधत बसू नका. १०८ ला फोन करा.